एक हॉर्सपॉवरचा अपमान

खंडेराव विधात्यांनी चहाचा कप बशीत आदळला, तेव्हा समोर सोसायटीचे सेक्रेटरी गोटीराम सांगळे बसलेले होते, हे सगळ्यात वाईट झालं. एरवी नवराबायकोचं काय व्हायचं ते होतं आणि संध्याकाळपर्यंत विसरलंही जातं. पण गोटीरामांच्या देखत झालेली गोष्ट म्हणजे नोटीस बोर्डावर लावलेली गोष्ट.

"काय घ्यायचं म्हणालीस?"

"हाताचं मशीन," आशाताई म्हणाल्या. "चाकाला दांडा असतो ना, तसलं. चामडं शिवायला तेच बरं."

"आणि विजेवरचं?"

"नको. विजेचा काय भरवसा?"

गोटीरामांच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालं, विरघळलं आणि तळाशी गेलं, तरी त्यांना पत्ता नव्हता. इतका निर्मळ आनंद त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक वार्षिक सभांत कोणी पाहिला नव्हता.

खंडेराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. सव्वीस वर्षं. कंट्रोल रूममध्ये बसून दोनशे दहा मेगावॉटच्या संचावर डोळे ठेवणारा माणूस, आणि त्याची बायको त्याच्याच घरात, त्याच्याच सोफ्यावर बसून विचारते, विजेचा काय भरवसा! भटजीच्या बायकोने सत्यनारायणाचा काय भरवसा विचारावं, तसलं हे.

बरं, साल होतं दोन हजार सहा. भारनियमनाने सगळं नाशिक घामाघूम झालेलं. वर्तमानपत्रात वेळापत्रक यायचं आणि त्यात दिलेली वेळ सोडून बाकी सगळ्या वेळी वीज जायची. पंचवटीतल्या त्यांच्या गोदाई सोसायटीत सोळा बिऱ्हाडं. दिवे गेले की सोळाच्या सोळा गॅलऱ्यांतून माणसं बाहेर यायची आणि आभाळाकडे किंवा खांबाकडे न बघता तिसऱ्या मजल्यावर, खंडेरावांच्या दाराकडे बघायची. तळमजल्यावरच्या अक्काबाईंचा मिक्सर बंद पडला की त्या अंगणात येऊन हाक मारायच्या, "खंडेराव, अरे माझं वाटण अर्धं राहिलंय!"

"मावशी," खंडेराव वरून समजावायचे, "आम्ही वीज तयार करतो. घरोघर पोचवणारे वेगळे. मागच्या वर्षी मंडळाचे तुकडे झाले. निर्मिती वेगळी, वितरण वेगळं."

"भाऊ-भाऊ वेगळे झालात, ते तुमचं तुम्ही बघा. मला वाटणापुरती तर दे."

अशा माणसाने रागावू नये, तर काय करावं? खंडेराव रागावत. सकाळी रागावत, ड्यूटीवर जाताना रागावत, सुटीच्या दिवशी निवांतपणे, पाय पसरून रागावत. पण आजचा राग वेगळ्या जातीचा होता. आज फितुरी घरातून झाली होती.

आशाताईंना मशीन कशाला हवं होतं, ते सांगायला हवं. त्यांचे भाऊ सुनील यांची सायखेड्याला द्राक्षबाग. मागच्या ऑक्टोबर छाटणीला आशाताई तिथे गेल्या होत्या. पेठकडून छाटणीला बायाबाप्यांची टोळी येते, चाळीस माणसांची. त्यांची मुकादम रंगूबाई. त्यातल्या एका बाईने काडी उचलायला म्हणून कात्री कमरेला खोचली, खाली वाकली, आणि कात्रीचं टोक मांडीत घुसलं. बारा टाके पडले. डॉक्टर टाके घालत असताना तिचा हात आशाताईंनी धरला होता. घरी आल्यावर त्या कुठल्याशा केंद्रात जाऊन दोन महिन्यांचा चामड्याच्या कामाचा वर्ग करून आल्या, आणि सहा वेळा चुकून सातव्या वेळी त्यांनी एक म्यान बनवली. जाड चामड्याची, तळाला दुहेरी, कमरेच्या पट्ट्यात ओवायची. कात्री आत गेली की टोक कुणाला लागायची सोय नाही. सुनीलने ती बघितली आणि म्हणाला, "अक्का, चाळीस दे. दसऱ्यानंतर टोळी येईल, तेव्हा हातात पाहिजेत."

घरातल्या ब्लाऊज शिवायच्या मशीनने त्या चामड्यापुढे चार सुया मोडून घेतल्या आणि माघार घेतली. म्हणून नवं मशीन. म्हणून हा सगळा प्रसंग.

"निर्णय असा घाईने होत नसतो," गोटीराम गेल्यावर खंडेराव म्हणाले. "दोन्ही बाजू तपासू. तुझा तो जो कोणी सल्लागार आहे, त्याच्याकडे चल."

सल्लागार म्हणजे धोंडीराम. पंचवटीच्या भाजीबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला, भिंतीच्या सावलीत त्यांचं दुकान. दुकान म्हणजे वर एक ताडपत्री आणि खाली एक पोतं. चपला, पिशव्या, पट्टे, यात्रेकरूंच्या बॅगा, सगळं दुरुस्त करायचे. पुढ्यात काळं, लांब मानेचं, हाताने फिरवायचं मशीन. तीस वर्षं त्याला हात लागून लागून दांड्याचं लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालेलं.

खंडेरावांनी कमरेवर हात ठेवून तपासणीला सुरुवात केली. "याचा स्पीड किती?"

"भूक लागली की कमी होतो, साहेब," धोंडीराम म्हणाले.

आशाताई हसल्या. खंडेरावांनी ते हसणं मनात टिपून ठेवलं.

"हे बघा," धोंडीराम समजावू लागले. ते खरंच मनापासून समजावत होते, पण रागावलेल्या माणसाला मनापासून समजावलं की त्याला जास्तच लागतं. "कापडात चुकलं तर उसवून परत शिवता येतं. चामड्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं. म्हणून एकेक टाका विचारून घालावा लागतो. मोटर विचारत नाही. आता पट्टे असले, सरळ लांब शिलाई असली, तर विजेचं मशीन एक नंबर. तासाचं काम पाच मिनिटांत. पण ताईंच्या म्यानीला तळाशी वळण आहे, चार पदरी जाडी आहे. तिथे हातच पाहिजे."

खंडेरावांना यातलं एवढंच ऐकू आलं, की एकलहऱ्याचा संच चालवणाऱ्याला रस्त्यावरचा माणूस मोटर म्हणजे काय ते शिकवतो आहे.

त्यांनी चार दिवस कोणाशी चर्चा केली नाही. पाचव्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो उभा राहिला.

टेम्पोत होतं ते शिलाई मशीन आहे असं सांगितल्याशिवाय कोणाला कळलं नसतं. सातपूरकडचा गाड्यांच्या सीट शिवायचा एक कारखाना बंद पडला, त्यातलं ते. बिडाचे पाय, टेबल दाराएवढं, आणि खाली लटकलेली एक हॉर्सपॉवरची मोटर, बसलेल्या म्हशीसारखी. चार हमाल आणि खंडेराव असे पाच जण ते जिन्यातून वर नेऊ लागले. गोटीराम अर्थातच मार्गदर्शनाला हजर होते.

"डावीकडे घ्या. डावीकडे! तुमची डावी नाही हो, माझी!"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेबल अडकलं ते पाऊण तास. तेवढ्या वेळात वरची माणसं वर आणि खालची खाली राहिली. अक्काबाईंनी खालूनच चौकशी केली की कोण गेलं. शेवटी कठड्याची एक सळई वाकवावी लागली. घराचं दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं. मशीन आत आलं तेव्हा सोफ्याला जागा उरली नाही, म्हणून सोफा गॅलरीत गेला. त्या दिवसापासून विधात्यांकडे आलेला पाहुणा रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना उगाचच नमस्कार करायचा.

आशाताई हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. दार नव्हतं, चौकट तेवढी होती.

"मला विचारलं असतंत तर," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतं तर हाताचं आणावं लागलं असतं," खंडेराव म्हणाले. इतकं खरं ते फार क्वचित बोलत.

उद्घाटनाला चार वाजता वीज आली. शेजारपाजारचे सात-आठ जण जमले होते. आशाताई मशीनवर बसायला निघाल्या, तर खंडेरावांनी त्यांना थांबवलं. "आधी मी दाखवतो. तू फक्त बघ."

त्यांनी बाह्या नीट केल्या. कापून, चिकटवून ठेवलेली म्यान सुईखाली धरली. संच सुरू करताना कंट्रोल रूममध्ये चेहऱ्यावर येतो तो भाव आणला आणि पायडलवर पाय ठेवला.

घर्रर्रर्र!

पुढचे दोन सेकंद काय झालं ते बघणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. म्यानीची सरळ बाजू शिवली गेली, हे खरं. मग वळण आलं. वळण मशीनला मान्य नव्हतं. ते सरळच गेलं, चामड्याच्या बाहेर, आणि तिथे खंडेरावांच्या शर्टाची बाही होती. बाही म्यानीला शिवली गेली. टाके मात्र अतिशय सुबक, एकसारखे आले होते. घाबरून खंडेरावांनी पाय उचलायच्या ऐवजी दाबला. आशाताईंनी धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून बाहीवरच भागलं, हात वाचला.

आणि त्याच क्षणी सगळ्या सोसायटीतून एकच आवाज उठला. मोटर सुरू होताना पंखे मंद झाले होते, दिवे पिवळे पडले होते, टीव्हीवरच्या बाया आक्रसून दोरीएवढ्या झाल्या होत्या. सोळाच्या सोळा गॅलऱ्या भरल्या.

खंडेराव गॅलरीत आले. त्यांच्या उजव्या मनगटाला कात्रीची म्यान लोंबत होती.

"आता आहे ती वीजपण खातोस का रे?" अक्काबाई खालून ओरडल्या.

आशाताईंनी बाही कापली. म्यान हातात घेऊन उजेडात धरली. सुईने सरकत सरकत चुकीच्या जागी सव्वीस भोकं पाडली होती. पुढच्या आठवड्यात मशीनवर त्या स्वतः बसल्या, पाय हलका ठेवायला शिकल्या, तरी प्रत्येक वळणावर ते घोडं उधळायचं. तीन म्यानी जमल्या, नऊ वाया गेल्या. आणि दर वेळी बटण दाबलं की खालून कोणीतरी खंडेरावांच्या वाडवडिलांची आठवण काढायचं.

शेवटी सोसायटीचं पत्र आलं. गोटीरामांनी ते दोन मजले चढून स्वतः आणून दिलं, वर पोच घेतली. 'आपण घरगुती जोडणीवर व्यावसायिक यंत्र चालवत असल्याचे निदर्शनास आले आहे.' खंडेराव पेटले. पण पत्रातला मुद्दा बरोबर होता आणि त्यामुळे ते दुप्पट पेटले. सव्वीस वर्षं विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाला बेकायदा वीज वापरणारा म्हणवून घेणं शक्यच नव्हतं. ते दुसऱ्याच दिवशी वितरणाच्या एका कार्यालयात वेगळ्या मीटरचा अर्ज घेऊन गेले.

पहिल्या दिवशी कारकून जेवायला गेलेले होते. दुसऱ्या दिवशी जेवून आलेले होते, पण वीज नव्हती. वीज नसली की कार्यालयाचा कॉम्प्युटर चालत नाही, असं त्यांनी खंडेरावांना सांगितलं आणि वर विचारलं, "तुम्ही एकलहऱ्याला ना? मग तिकडून का नाही सोडत?"

तिसऱ्या दिवशी अर्ज वाचला गेला.

"धंदा काय?"

"धंदा नाही. चामड्याच्या म्यानी शिवायच्या आहेत."

"म्यानी? तलवारीच्या?"

"कात्रीच्या."

"शस्त्र आलं म्हणजे पोलिसांचा दाखला लागेल."

"अहो, द्राक्ष छाटायच्या कात्र्या! तुमच्या घरी भाजी चिरायला सुरी असते, तिला लागतो दाखला?"

कारकून दुखावले गेले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी यादी काढली आणि वरून खाली बोट फिरवत गेले. सलून, झेरॉक्स, आइस्क्रीम, पापड. म्यान काही यादीत नव्हती. "मोटर किती?" त्यांनी विचारलं.

"एक हॉर्सपॉवर."

"मग सोपं आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे पिठाची गिरणी. घरगुती." त्यांनी लिहून टाकलं. "करा सही."

खंडेराव इतके तापले होते की त्यांनी न वाचता सही ठोकली. सही करताना कागद फाटला, तो कारकुनांनी चिकटपट्टी लावून जोडला.

चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, एक तपासनीस फाटकाशी आले आणि मोठ्याने विचारते झाले, "विधात्यांची पिठाची गिरणी कुठे आहे हो?"

अक्काबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. पंचवटीतली त्यांची नेहमीची गिरणी गल्लीच्या टोकाला, आणि तिथली रांग भारनियमनामुळे मारुतीच्या देवळापर्यंत यायची. गिरणी तिसऱ्या मजल्यावर आली म्हणजे देवच पावला. त्यांनी तपासनिसांना वाट दाखवली आणि पाठोपाठ शेजारणींना हाका मारल्या.

तपासनीस वर पोचले तेव्हा त्यांच्या मागे जिन्यावर सहा बाया होत्या, सहाही जणींच्या कडेवर डबे.

"गिरणी कुठाय?" तपासनिसांनी विचारलं.

"गिरणी नाही. शिलाई मशीन आहे."

"अर्जात गिरणी आहे."

"ती मी लिहिली नाही."

"सही कोणाची?"

खंडेरावांनी सही बघितली. चिकटपट्टीखाली होती, पण त्यांचीच होती.

तेवढ्यात अक्काबाई धापा टाकत आत आल्या, गॅलरीतल्या सोफ्यावर बसल्या आणि डबा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "खंडेराव, ज्वारी आहे. आधी कोणी गहू दळला नाहीस ना? नाहीतर भाकरी चिकट होते."

तिथे मात्र खंडेरावांचं सगळं सुटलं. ते ओरडायला लागले. वितरणावर ओरडले, गोटीरामांवर ओरडले, मंडळाचे तुकडे करणाऱ्यांवर ओरडले. ज्वारी, गहू, पापड, झेरॉक्स, कोणालाही सोडलं नाही. "या घरात पीठ मिळणार नाही! या घरात म्यानी मिळतात!" असं ते हात वर करून म्हणाले, आणि पंखा थांबला. वीज गेली.

"सप्लाय नाही म्हणजे आज पाहणी होत नाही," तपासनीस हळूच म्हणाले, वहीत काहीतरी लिहिलं, डबेवाल्या बायांकडे एकदा नीट बघितलं आणि जिना उतरून गेले.

दसऱ्याला बारा दिवस राहिले होते. म्यानी झाल्या होत्या तीन.

त्यानंतर घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. आशाताई सकाळी आठला भाजी आणायला जायच्या आणि बाराला परत यायच्या. खंडेरावांची तेव्हा दुसरी पाळी होती, दुपारची. पहिले तीन दिवस त्यांना वाटलं, बायको रुसली आहे आणि देवळात बसते आहे. चार तासांत येणारी भाजी म्हणजे एक मेथीची जुडी, हे त्यांनी बघितलं होतं, पण विचारलं असतं तर मशीनचा विषय निघाला असता.

पाचव्या दिवशी गोटीराम आले. बसले नाहीत. उभ्यानेच, आवाज खाली घेऊन म्हणाले, "विधाते, सांगू नये, पण वहिनी रस्त्यावर बसल्या आहेत. त्या धोंडीरामच्या शेजारी. पोत्यावर. मशीन फिरवताहेत. येणारे-जाणारे बघताहेत हो. आपल्या सोसायटीचं नाव…"

खंडेरावांनी स्कूटर काढली. पंचवटीच्या गल्ल्यांतून जाताना त्यांनी बोलायची वाक्यं जुळवली. पहिलं वाक्य फार चांगलं जमलं होतं: "मी अजून जिवंत आहे." दुसऱ्या वाक्याच्या वेळी एक रिक्षा आडवी आली आणि ते तिच्यावर खर्च झालं.

भिंतीच्या सावलीत आशाताई बसल्या होत्या. पदर खोचलेला, डोळ्यांवर चष्मा, ओठ घट्ट मिटलेले. बाजूला तयार म्यानींची चळत. खंडेरावांनी नकळत मोजल्या. एकवीस.

"आशा!" ते गरजले.

"ओरडू नका. वळण आलंय."

"मी अजून…"

"दोन्ही हात इथे लागताहेत. धोंडीरामदादा त्या यात्रेकरूच्या बॅगेत अडकलेत, त्याची गाडी आहे. तुम्ही चाक फिरवा."

खंडेराव उभे राहिले. रस्ता बघत होता. समोरच्या कोथिंबीरवालीने विचारलं, "बसता का भाऊ? टोपलं पालथं घालून देऊ?" आणि उत्तराची वाट न बघता दिलंच. सगळ्या जगाने असा कट केल्यावर माणूस काय करणार? ते टोपल्यावर बसले, दांडा हातात घेतला, आणि सगळा राग मनगटात आणून फिरवला.

"हळू!" आशाताई कडाडल्या. "ही टर्बाइन नाही! एक टाका. थांबा. आता एक. थांबा म्हटलं ना!"

सव्वीस वर्षांत त्यांच्या वरिष्ठांनीसुद्धा त्यांना असं झापलं नव्हतं, तेही कोथिंबीरवालीच्या देखत. पण ते थांबले. मग एक टाका. मग परत एक. पाचव्या-सहाव्या टाक्याला त्यांच्या लक्षात आलं, की सुई चामड्यात शिरताना दांडा हाताला सांगतो. दोन पदरी जागा असली की नुसता हुंकारतो; चार पदरी आली की अडतो, जोर मागतो, आणि मग सुई पलीकडे गेली की एकदम मोकळा होतो. कंट्रोल रूममध्ये सगळं काट्यांवर कळायचं. हातात काही यायचं नाही. हे हातात येत होतं. वळण पूर्ण झालं.

"दुसरी," आशाताई म्हणाल्या.

तिसऱ्या म्यानीवर असताना गोटीराम भाजीची पिशवी घेऊन आले. सहजच, म्हणजे जे बघायचं ते बघायला.

"विधाते! अहो, तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले. "तुम्ही चांगल्या नोकरीतली माणसं. हे काम ज्यांचं आहे त्यांनी करावं. आपल्यासारख्यांना शोभतं का?"

धोंडीरामांची आरी बॅगेच्या पट्ट्यात थांबली. त्यांनी वर बघितलं नाही. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल, ते त्या न बघण्यातच होतं.

खंडेरावांनी दांडा सोडला. महिनाभर त्यांचा राग घरात, जिन्यात, कार्यालयात नुसता भटकत होता. ज्याच्या त्याच्या अंगावर जात होता. आता तो पहिल्यांदा योग्य पत्त्यावर आला. आवाजही चढला नाही.

"सांगळे, पायात काय आहे तुमच्या?"

"चप्पल."

"शिवली कोणी?"

गोटीरामांनी पायाकडे बघितलं.

"काढा. इथे ठेवा. ज्यांचं काम हलकं वाटतं, त्यांची वस्तू पायात घालू नये. अनवाणी जा घरी. रस्ता तापलाय, जरा झपाझप चाला."

गोटीरामांनी चपला काढल्या नाहीत, पण त्या पायात असल्याची लाज वाटल्यासारखे ते बोटं आवळत, फरफटत गेले. कोथिंबीरवाली पदराआड हसली. खंडेराव छाती फुगवून धोंडीरामांकडे वळले.

"साहेब," धोंडीराम म्हणाले, "बोललात ते बरं वाटलं. पण गिऱ्हाईक घालवलंत माझं. दर महिन्याला अंगठा तुटतो त्यांचा." आणि थोडं थांबून, "चाक अजून हळू फिरवा. ताईंचा टाका मोठा येतोय."

खंडेराव पुन्हा रागावले. पण हळू फिरवू लागले.

पुढचे दिवस ते रोज सकाळी आठ ते साडेबारा टोपल्यावर बसले आणि मग ड्यूटीवर गेले. कमरेचे चाळीस पट्टे तेवढे राहिले होते. तेवढ्यात कार्यालयाचं पत्र आलं: जागेची पाहणी केली, गिरणी चालू स्थितीत व गिऱ्हाईक रांगेत आढळले, सबब मीटर मंजूर. दुसऱ्या दिवशी मीटर लागलाही, वेगळ्या वायरीवर. वीज आली तेव्हा खंडेरावांनी बटण दाबलं, आणि आशाताईंनी चाळीस पट्टे, सरळ लांब शिलाईचे, त्या घोड्यावर पाऊण तासात शिवून काढले. एकही टाका वाकडा नाही. धोंडीराम म्हणाले होते तसंच. खंडेरावांनी हे कबूल केलं नाही. "मोटर चांगली आहे," एवढंच म्हणाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवर गोणी बांधून सायखेड्याला गेले. टोळी आलेली होती. सुनीलने "या दाजी, या" करून बागेत नेलं. बाया-बाप्यांनी म्यानी कमरेला बांधल्या, कात्र्या आत सोडल्या, वाकून बघितलं, उड्या मारून बघितलं. मागच्या वर्षी बारा टाके पडलेली बाई तर चार वेळा खाली बसली आणि चार वेळा उठली, आणि मग कुणाकडे न बघता ओळीत निघून गेली. आशाताईंनी चष्मा पुसला.

खंडेराव मुकादमाच्या अभिप्रायाची वाट बघत होते. खरं सांगायचं तर त्यांनी उत्तरादाखल चार शब्दही जुळवून ठेवले होते.

रंगूबाईने म्यान उलटीसुलटी केली, शिलाईवरून अंगठा फिरवला, कात्री आत घातली, काढली, परत घातली. कपाळाला आठी पडली.

"चांगली हाय, ताय. लय चांगली हाय," ती म्हणाली. "पन ही उजव्या अंगाची हाय. मी डावरी."

आशाताईंचा हात तोंडावर गेला. म्यानीचं तोंड तिरकं कापलेलं होतं, उजव्या हाताला सोपं जावं म्हणून. डाव्या हाताने कात्री काढायची तर मनगट मोडून घ्यावं लागत होतं.

"आधी विचारायला काय झालं होतं?" खंडेराव बायकोवर कडाडले.

"कधी विचारणार? आधी तुमची बाही कापली, मग गिरणी चालवली!"

सुनील तोंड फिरवून हसायला लागला. खंडेरावांचा चेहरा लाल झाला. ते दोन ओळींच्या मधल्या सरीत जाऊन उभे राहिले, आणि टर्बाइनच्या घरघराटातही ऐकू जावा अशा आवाजात ओरडले, "डावरे किती आहेत? हात वर!"

छाटणी थांबली. मग पानांतून एकेक करून कात्र्या वर आल्या. रंगूबाईची धरून सात. सातही डाव्या हातांत.

खंडेरावांनी त्या दोनदा मोजल्या. मग मागे वळून आशाताईंना म्हणाले, "बस स्कूटरवर. धोंडीराम एक वाजता जेवायला उठतो."